शून्य पॉइंट पस्तीस

आष्ट्यात, बाजारतळामागच्या पत्र्याच्या दुकानात
मी तार गुंडाळायला शिकले.
दोन इंची पायपाचा तुकडा, तांब्याची वीस गेज,
आणि शकूरभाई मुजावरांचा एकच नियम:
मोजताना बोलायचं न्हाई, पोरी.
एक वेढा चुकला, तर तो आत चुकलेलाच राहतो,
वरनं वार्निश कितीबी चमकू दे.

कॉइल म्हणजे काय, हे त्यांनी वहीत नाही,
दारात उभं करून दाखवलं.
कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर,
मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या.
"बघ. एकदम निघत न्हाई.
निघाला की एकदम थांबत बी न्हाई.
हिचा स्वभाव तसाच. चाललंय ते चालू दे, म्हणती."
एकामागं एक ट्रॉली जोडली
की जडपणाची बेरीज. एवढंच.
मी एवढंच लक्षात ठेवलं.

मग बावचीच्या बँजो पार्टीचा बॉक्स आला.
जाड आवाजाच्या वाटेवर दोनची कॉइल हवी होती,
आणि तार संपलेली.
कोपऱ्यावरून वळलं की बाबालालभाईंचं दुकान,
तिथं तार होती. सगळ्या पेठेला माहीत होतं.
मी चप्पल घातली, तर म्हणाले, "बस.
घरात हाय त्यात भागव."

फळीवर दोन जुन्या कॉइली होत्या.
एक पॉइंट दोन. शून्य पॉइंट आठ.
बेरीज तोंडपाठ.
आधी घाईत शेजारी-शेजारी जोडल्या, दोन्ही टोकं एकत्र,
तर मीटर म्हणालं, पन्नाससुद्धा नाही,
धाकटीपेक्षाही कमी.
शकूरभाई चहा ओतत म्हणाले,
"उरसात दुसरा दरवाजा उघडला की
गर्दीला सोपं जातं का अवघड?"
मी टोकं सोडवली.

एकीमागं एक जोडल्या, एकीवर एक ठेवून
टेपनं आवळल्या.
दोन पॉइंट सात.
डाग पुन्हा दिला. दोन पॉइंट सात.
वरची उलटी करून ठेवली.
एक पॉइंट तीन.
मी म्हटलं, मीटर गेलंय.

त्यांनी टेप काढली.
वरची कॉइल कडेवर उभी केली,
खालचीशी काटकोनात, हळूच,
झोपलेल्या पोराची मान सरळ करावी तशी.
दोन पॉइंट शून्य.

"तू तारा जोडल्यास. जवळ ठेवल्यास, ते कोण मोजणार?
मधी तार नसली तरी दोघींत चालूच असतंय काहीतरी.
तोंडं एकीकडं असली तर भर पडती.
उलटी असली तर एकमेकींचं खात्यात."
आणि कॅलेंडरच्या पाठीवर, बोटभर पेन्सिलीनं:
सातातनं तीन गेले नाहीत, सत्तावीसातनं तेरा,
राहिले चौदा, त्याचे चार भाग.
शून्य पॉइंट पस्तीस.
"हे हिच्या अंगावर लिवलेलं नसतंय,
तिच्या बी न्हाई."

कॅलेंडर उलटून त्यांनी परत खिळ्याला लावलं.
अकरा वर्षं झाली होती वाटणीला.
दोन्ही पाट्यांचा निळा रंग एकाच डब्यातला,
दारं मात्र दोन गल्ल्यांना.

संध्याकाळी बॉक्स लावला.
ढोलाचा ठोका पत्र्यातून, जमिनीतून गेला,
कोपऱ्यावरून वळला.
पलीकडं ठोकाठोक थांबली.
मग भिंतीआडून आवाज,
कुणाचंही नाव न घेता:
"चिरकतंय जरा!"

शकूरभाईंनी उत्तर दिलं नाही.
बॉक्समागं वाकले, अंगठ्यानं
उभी कॉइल थोडी कलती केली,
मीटरकडं न बघता.
ठोका गोल झाला.
पलीकडं हातोडी पुन्हा सुरू.

झाकण लावण्याआधी, ते वजूला गेले असताना,
मी एक टोक सोडवून मोजलं.
दोन पॉइंट एक.
तसंच ठेवलं.